धर्मग्रामाची एल

इंग्लंडच्या मध्ययुगीन धर्मजीवनाविषयी वाचताना 'चर्च-एल' हा शब्द आपल्याला वारंवार भेटतो. एल म्हणजे मोड आणून वाळविलेल्या सातूपासून आंबवलेले पेय. आणि ज्या मेजवानीत ते प्यायले जाई तिलाही तेच नाव पडले. लग्नाच्या मेजवानीला 'ब्राइड-एल' म्हणत; 'ब्रायडल' हा इंग्रजी शब्द त्यातूनच आला. मद्याची तरफदारी आम्हांला करावयाची नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आपल्याही धर्मग्रामांत आहेत. पण या पेयाचा आणि तेथील चर्चचा संबंध विलक्षण होता, एवढे खरे.

जुनी एल दाटसर व गोडसर असे आणि थोड्याच दिवसांत आंबट होई. साठवून ठेवण्याची सोय नसल्यामुळे ती केली की शेजाऱ्यांसह संपवावी लागे. बहुधा घरची बाईच ती करी आणि उरलेली विकी. १३व्या शतकात कायद्याने तिचे दर धान्याच्या भावाशी बांधले गेले. गावोगावी एल चाखून पारख करणारे अधिकारी नेमले जात. शेक्सपिअरचे वडील जॉन १५५६ साली स्ट्रॅटफर्डला याच कामावर होते!

चर्च-एलसाठी चर्चचे कारभारी घरोघरचे धान्य गोळा करीत, एल तयार करीत आणि पेन्तेकॉस्टच्या सुमारास ती गावाला विकीत. त्या पैशातून छपराची डागडुजी होई, मेणबत्त्या येत. डेव्हन परगण्यातील मोरबॅथ या जेमतेम ३३ घरांच्या धर्मग्रामाचे हिशेब सुदैवाने उपलब्ध आहेत. १५२० पासून १५७४ पर्यंत तेथे धर्मगुरू असलेले क्रिस्टोफर ट्रिकी ते स्वतः लिहीत आणि लोकांपुढे मोठ्याने वाचीत. तरुणांचा निधी वेगळा, कुमारिकांचा वेगळा, संत सिडवेलचा वेगळा. मिस्सेच्या काळ्या वस्त्रांसाठी तर या धर्मगुरूंनी जवळजवळ वीस वर्षे पैसा साठविला होता.

सहाव्या एडवर्डच्या राजवटीत हे सारे कोसळले. १५४८ पर्यंत निधी मोडले गेले, चर्च-एल बंद पडली आणि धर्मग्राम कर्जात बुडाला. १५४९ साली नव्या प्रार्थनापुस्तकाविरुद्ध पश्चिमेकडे बंड पेटले, तेव्हा मोरबॅथने एक्सेटरजवळच्या बंडखोरांच्या तळावर पाच तरुण धाडले. त्यांच्या खर्चाची नोंदही ट्रिकींनी हिशेबात केली आहे. बंड चिरडले गेले. एलच्या उत्पन्नासाठी कोणी बंड करीत नाही, हे उघड आहे. पण ज्या हातांनी चर्च सांभाळले त्यांच्याकडून ते काढून घेतले जात होते, ही वेदना त्या कोरड्या आकड्यांत आम्हांला दिसते. पुढे १६१८ साली पहिल्या जेम्स राजाने पेन्तेकॉस्टच्या एलला परवानगी दिली खरी. परंतु प्युरिटन पंथीयांना ती मुळीच खपत नव्हती.

दरम्यान पेयही बदलले. १४०० च्या सुमारास समुद्रापलीकडून हॉप्सची फुले घातलेली कडवट बिअर आली. ती टिके, म्हणून मोठ्या प्रमाणावर करता येई. भांडवल आले आणि हा व्यवसाय हळूहळू बायकांच्या हातून गेला. कालांतराने एलमध्येही हॉप्स आले. १९व्या शतकात बर्टन गावची अशीच कडवट, फिकट एल पिंपे भरून मुंबईच्या गोऱ्यांपर्यंत पोहोचत होती.

जुन्या पद्धतीची एल आज इंग्लंडमध्ये टिकून आहे, त्याचे बरेचसे श्रेय १९७१ साली सुरू झालेल्या ग्राहकांच्या चळवळीला आहे. ही एल पिंपातच दुसऱ्यांदा आंबते आणि बाहेरचा वायू न भरता हातपंपाने तळघरातून वर ओढली जाते. जाणकार ती बर्फगार मागत नाहीत. ११ ते १३ अंश तापमानातच तिचा माल्टचा गोडवा, हॉप्सचा कडूपणा आणि यीस्टमुळे येणारा फळांसारखा वास वेगवेगळे कळतात. प्रथम रंग आणि नितळपणा पाहावा, मग वास घ्यावा, मग घोट. आणि तो गिळावाच, कारण कडवटपणा घशाशी उमगतो. मात्र एकदा पिंप उघडले की ही एलही तीन-चार दिवसांत उतरते. म्हणून जेथे गिऱ्हाईक थोडे, तेथे दुकानदार ती ठेवायला धजत नाही.