साडेत्रेसष्ट अंशांचा उजेड

यंदा दिवाळीआधी घराला रंग द्यायचे सोडून मी एक खोली जोडण्याच्या खटपटीला लागलो. आईच्या गुडघ्यांना आता जिना झेपत नाही. तिला खालीच निजायची सोय हवी. घराच्या पूर्वेला शेजाऱ्यांच्या भिंतीपर्यंत एक बोळ पडून आहे. तोच आत घ्यावा, असा माझा बेत. इंजिनिअरने नकाशा ऑनलाइन दाखल केला, आणि यंत्राने बोळ मोजून तो परत धाडला. बाजूचे अंतर उरत नव्हते! समोर माणूस असता तर हातापाया पडलो असतो. यंत्रापुढे मास्तरकी काय चालणार?

हे 'बाजूचे अंतर' काढले तरी कोणी, म्हणून रागारागाने जुनी पुस्तके उघडली, ती मला मुंबईला घेऊन गेली.

मुंबईच्या १८८८ च्या महापालिका कायद्यात परवानगीची मोठी मौज आहे. ३३७ व्या कलमाखाली नोटीस द्यायची ती बांधणाराने, आयुक्तांना! तीस दिवसांत हरकत आली नाही, तर नियम सांभाळून कामाला लागावे. हरकत यायची ती ३४६ व्या कलमाने, नापसंतीची. आणि त्याच कागदात, अमुक अटी पाळल्यास बांधकाम पसंत समजावे, असेही असायचे. अशी नापसंती हाती पडली की मालक खूष!

पण कायदा कागदावर होता आणि माणसे चाळींत दाटली होती. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉक्टर आकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. माझे पणजोबा तेव्हा सहा वर्षांचे, तिथेच एका चाळीत राहणारे. खोली अगदी मधली. बाहेरची भिंत म्हणून नाहीच, भर दुपारी दिवा लावावा लागे, असे आजोबा सांगत. पणजोबांची धाकटी बहीण त्या खोलीत गेली. उरलेले बोटीने कोकणात परतले. त्या मुलीचे नाव आमच्या घरात आज कोणालाच ठाऊक नाही.

१८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते जुन्या वस्तीतून काढले. त्यासाठी गरिबांची घरे पाडली, तितकी बांधली मात्र नाहीत, हेही लिहून ठेवले पाहिजे. ट्रस्टचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर. हे गृहस्थ साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाने झपाटलेले! खोलीत उजेड यायचा, तर समोरची भिंत या कोनाच्या रेषेवर चढता कामा नये, असा त्यांचा आग्रह. मुलांना भूमिती शिकवणाऱ्या मला तो कोन लगेच कळला: भिंत जितकी उंच, त्याच्या निम्मी जागा मोकळी. प्लेग कोंदट हवेने नव्हे, उंदरांवरच्या पिसवांनी पसरतो, हे ध्यानात यायला काही वर्षे गेली. निदान चुकले होते खरे. पण उजेड कोणाला बाधला?

पुढे १९१५ चा नगररचना कायदा आला, मग १९६६ चा. २०२० च्या डिसेंबरात मुंबई आणि काही भाग सोडून बाकी राज्याला एकच नियमावली मिळाली. आता अर्जाचा नमुनाही सगळीकडे एकच: सात-बारा किंवा मालमत्ता पत्रक, मोजणीचा नकाशा, पुढली जागा, मागली जागा, बाजूची जागा.

त्या संध्याकाळी मुलाचा कोनमापक घेऊन मी बोळात उभा राहिलो. शेजारणीच्या स्वयंपाकघराची खिडकी याच बोळात उघडते. आत त्या भाकरी थापत होत्या. माझी भिंत मनात उभी केली, आणि चूल दिसेनाशी झाली. ही खिडकी मी वीस वर्षे पाहतो आहे. नकाशा काढताना तेवढी आठवली नव्हती.

खोली मागे सरकवली. पेरू तोडावा लागला, खोलीही नऊ फुटांची झाली. परवानगी आली ती तिसऱ्या तासाला, मोबाइलवर. छापून घरी आणली. आईने कागद उलटसुलट पाहिला.

"साहेबांची सही कुठंय?"

"संगणकाची सही आहे, आई."

"अशी कशी सही?" असे म्हणत तिने तो घडी घालून कपाटात ठेवला आहे. लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडायचा म्हणते.