गॉथिक भाषा : तिचे शब्द, नांवें आणि उच्चार

वसईस अथवा गोव्यास ज्यांचें जाणें-येणें आहे, त्यांस रॉड्रिग्ज, फर्नांडिस, गोन्साल्विस हीं आडनांवें अपरिचित नाहींत. तीं पोर्तुगीजांबरोबर इकडे आलीं, एवढें बहुतेकांस ठाऊक असतें; परंतु तीं मूळचीं पोर्तुगीज तरी आहेत काय, असा प्रश्न सहसा कोणी करीत नाहीं. 'रॉड्रिग्ज' म्हणजे रोद्रिगोचा पुत्र. आणि रोद्रिगो हें नांव ज्यांनीं स्पेन देशांत नेलें, त्यांची भाषा आज पृथ्वीच्या पाठीवर कोणाही मनुष्याच्या तोंडीं उरलेली नाहीं. ती भाषा गॉथिक होय. मृत भाषेचा अभ्यास हा रिकामटेकड्या पंडितांचा उद्योग, असें म्हणणारे पुष्कळ आहेत. आमचें मत निराळें आहे. तें कां, हें वाचकांपुढें मांडण्याकरितां हा लेखनप्रपंच.

गॉथ ही जर्मानिक मानववंशाची एक शाखा. इसवी सनाच्या तिसऱ्या व चवथ्या शतकांत त्यांची वस्ती काळ्या समुद्राच्या उत्तरेस व डॅन्यूब नदीच्या पलीकडे होती. रोमन साम्राज्यावर स्वाऱ्या करून परततांना ते माणसें धरून नेत. आशियामायनरमधील कॅपॅडोशिया प्रांतांतून असें एक ख्रिस्ती कुटुंब त्यांनीं नेलें, आणि त्याच्या वंशांत सुमारें ३११ सालीं वुल्फिला जन्मास आला. गॉथिकांत 'वुल्फ्स' म्हणजे लांडगा, आपल्या संस्कृतांतील 'वृक'. त्यास 'इला' हा लाडिक प्रत्यय लागून 'वुल्फिला' म्हणजे 'लहानगा लांडगा' झाला. बंदिवानांच्या कुळांतील या पुरुषास नांव मिळालें तें धन्यांच्या भाषेचें, आणि त्या भाषेचें ऋण त्यानें असें फेडलें कीं, धन्यांपैकीं कोणास तसें फेडतां आलें नाहीं.

वुल्फिला पुढें गॉथ लोकांचा बिशप झाला. बायबल त्यांच्या भाषेंत आणावें असें त्याच्या मनानें घेतलें. परंतु ग्रंथ लिहावयास योग्य अशी लिपीच त्यांजपाशीं नव्हती. कोरीव लेखांपुरतीं रून अक्षरें काय तीं होतीं. तेव्हां त्यानें मुख्यतः ग्रीक वर्णमाला घेतली, कांहीं अक्षरें लॅटिन व रून यांतून उचललीं, आणि नवी लिपि सिद्ध केली. फिलोस्टोर्गिअस नांवाचा जुना इतिहासकार सांगतो कीं, बायबलांतील राजांचीं पुस्तकें तेवढीं वुल्फिलानें भाषांतरावांचून सोडलीं. कारण त्यांत लढायांचीं वर्णनें आहेत, आणि गॉथांस युद्धाची चेतावणी देण्याची मुळींच गरज नव्हती!

वुल्फिला ३८३ सालीं वारला. पुढें गॉथांनीं इटलींत व स्पेनांत राज्यें स्थापिलीं, पण त्यांची भाषा तेथें फार काळ टिकली नाहीं. ते एरिअन पंथाचे, तर भोंवतालची प्रजा रोमच्या पंथाची. गॉथिक भाषेस देवळाचा आश्रय होता तो या पंथामुळें. इटलींतील राज्य सहाव्या शतकाच्या मध्यास बादशहा जस्टिनियन यानें बुडविलें. स्पेनांत राजा रेकारेड यानें ५८७ सालीं रोमचा पंथ स्वीकारला. आश्रय गेला, पोथ्या निरुपयोगी झाल्या. इटलींत कित्येकांचीं पानें खरवडून त्यांवर दुसरे ग्रंथ लिहिले गेले. ही खरवडलेली अक्षरें मिलान येथील ग्रंथसंग्रहांत १८१७ सालीं पुनः उजेडांत आलीं.

जी एक पोथी वैभवानें उरली, तिला 'रौप्य पोथी' म्हणतात. जांभळ्या चर्मपत्रावर रुपेरी व सोनेरी शाईनें ती सहाव्या शतकाच्या आरंभीं इटलींत लिहिली गेली. शेंकडों वर्षें तिचा पत्ता नव्हता. सोळाव्या शतकांत ती जर्मनींतील एका मठांत सांपडली. तेथून प्राग येथें बादशहा रुडॉल्फच्या संग्रहीं गेली. १६४८ सालीं स्वीडिश सैन्यानें ती लुटींत उचलली. राणी क्रिस्टीनाच्या ग्रंथपालाबरोबर ती हॉलंडांत पोंचली, आणि त्या ग्रंथपालाचा मामा फ्रान्सिस्कस यूनिअस यानें १६६५ सालीं ती प्रथम छापून काढली. १६६९ पासून ती स्वीडनमधील उप्साला विद्यापीठांत आहे. मूळचीं ३३६ पानें. पैकीं १८७ तेथें आहेत, व आणखी एक १९७० सालीं जर्मनींत स्पायर येथील देवळांत सांपडलें.

आतां वाचक विचारतील कीं, बोलणारा उरला नाहीं त्या भाषेचा उच्चार कळला कसा? वुल्फिलानें ग्रीक शब्द व विशेषनामें आपल्या अक्षरांत लिहिलीं आहेत, तीं येथें साक्ष देतात. देवदूतास ग्रीकांत 'अंगेलोस' म्हणतात. वुल्फिला 'अग्गिलुस्' असें लिहितो. ग्रीक लेखनांत दोन 'ग' जोडून आले म्हणजे पहिल्याचा उच्चार अनुनासिक होतो. तीच रीत त्यानें उचलली, म्हणून तो शब्द 'अंगिलुस्' असाच वाचला पाहिजे. तसेंच 'पेत्रोस' या नांवांतील ऱ्हस्व 'ए' तो 'अ' व 'इ' हीं अक्षरें जोडून लिहितो, आणि 'अपोस्तोलोस' यांतील 'ओ' 'अ' व 'उ' जोडून. आपणांस येथें संस्कृतांतील गुणसंधि आठवेल. परंतु कारण तें नव्हे. त्या काळच्या ग्रीकांतच 'अ-इ' या जोडीचा उच्चार 'ए' असा होऊं लागला होता.

संस्कृत जाणणारास गॉथिक भाषा वाचतांना पदोपदीं ओळखीचीं माणसें भेटल्यासारखें वाटतें. 'सूनु' तेथें 'सुनुस्', 'दुहितृ' तेथें 'दौह्तर', 'विधवा' तेथें 'विदुवो', 'अष्टौ' तेथें 'अह्तौ', 'अस्ति' तेथें 'इस्त्', 'सन्ति' तेथें 'सिन्द्'. मराठींतून नाहींसें झालेलें द्विवचन तेथें सर्वनामांत व क्रियापदांत जिवंत आहे. आपल्या 'चकार', 'ददौ' यांतल्याप्रमाणें कित्येक धातूंचें भूतकाळीं द्वित्वही होतें : 'लेतन्' म्हणजे सोडणें, आणि 'लेलोत' म्हणजे सोडलें. गॉथिक व संस्कृत यांचें मूळ एक असावें, हें सर विल्यम जोन्स यानें कलकत्त्यास १७८६ सालींच सुचविलें होतें. पुढें याकोब ग्रिम यानें १८२२ सालीं वर्णांच्या फरकाचा नियम बसविला : संस्कृत 'प'चा 'फ', 'त'चा इंग्रजी 'थिंक'मधला 'थ', 'द'चा 'त'. म्हणून 'पाद' शब्दाचा 'फोतुस्', व 'भ्रातृ'चा 'ब्रोथर'.

परंतु एक कोडें राहिलें. 'भ्रातृ' शब्दांतील 'त'चा 'थ' झाला, तर 'पितृ' शब्दांतील त्याच 'त'चा 'द' होऊन 'फदर' कां झाला? पन्नास वर्षें पंडितांस उत्तर सुचेना. कार्ल व्हेर्नर नांवाच्या डेन पंडितानें दुपारीं झोंप यावी म्हणून बॉपचें तौलनिक व्याकरण हातीं घेतलें, आणि त्यांतील संस्कृत शब्दांवरच्या स्वरचिन्हांकडे त्याचें लक्ष गेलें, अशी हकीकत सांगतात. वेदांत 'भ्राता' शब्दाचा उदात्त पहिल्या अक्षरावर आहे, 'पिता' शब्दाचा शेवटच्या. जेथें 'त'च्या आधींचें अक्षर उदात्त, तेथें 'थ' टिकला. जेथें नव्हतें, तेथें तो मृदु होऊन 'द' झाला. १८७७ सालीं प्रसिद्ध झालेला हा नियम आज व्हेर्नरच्या नांवें चालतो. गॉथिकांतून तो जुना स्वर केव्हांच नाहींसा झाला होता. मागें राहिला होता एक 'द'. त्याचें कारण सांगणारा साक्षीदार ऋग्वेदांत होता. ज्या वैदिकांनीं पिढ्यान्‌पिढ्या हे स्वर घोकून राखले, त्यांस गॉथ लोकांचें नांवही ठाऊक नव्हतें. आणि स्वरांचा हा आग्रह निरर्थक म्हणून त्यांस हंसणारांसही त्याचा असा उपयोग होईल हें स्वप्नांत आलें नसेल.

शब्दांचा प्रवासही असाच विलक्षण आहे. उंटास गॉथिकांत 'उल्बन्दुस्' म्हणतात, आणि हा शब्द मूळचा हत्तीचा, ग्रीक 'एलेफास' याचा वंशज मानतात. दोन्ही प्राणी न पाहिलेल्या लोकांत नांवांची अदलाबदल झाली तर नवल नाहीं! राजा थिओडोरिक याच्या नांवांत 'थिउद' म्हणजे लोक, आणि 'रीक्स' म्हणजे राजा. हा 'रीक्स' आपल्या 'राजन्' शब्दाचा नातलग आहे. रोद्रिगो या नांवांत पहिलें पद कीर्तिवाचक, व दुसरें हेंच 'रीक्स'; म्हणजे 'कीर्तिराज'. स्पेनांतील गॉथांचा शेवटचा राजा ७११ सालीं अरबांपुढें हरला, त्याचें नांव हेंच. राज्य बुडालें, भाषा गेली. नांव मात्र पोर्तुगालमार्गें आमच्या कोंकणपट्टीस येऊन राहिलें.

गॉथिकाची शेवटची झुळूक क्रिमियांतून आली. सुलतानाच्या दरबारीं वकील असलेला बुस्बेक नांवाचा फ्लेमिश गृहस्थ १५६० च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपल येथें तिकडच्या दोघांस भेटला. त्यांतील जो गॉथ रक्ताचा, तो ग्रीकांच्या सहवासानें स्वभाषा विसरला होता. जो जन्मानें ग्रीक, तो व्यापाराच्या निमित्तानें ती शिकला होता. बुस्बेकनें सुमारें ऐंशीं शब्द टिपून घेतले. त्यांत एक हजार या संख्येस 'हझेर' असा शब्द आहे. तो इराणी भाषेंतून तेथें गेला, आणि आपल्या मराठींतही 'हजार' फारसीमधूनच आला. दोन दूरच्या घरांत एकाच सावकाराचें नाणें सांपडावें तसें हें झालें.

वुल्फिला बंदिवानांच्या कुळांतला, बुस्बेकला शब्द सांगणारा ग्रीक, आणि कोड्याची किल्ली राखणारे वैदिक तर हजारों कोस दूरचे. गॉथिक भाषा टिकली ती बहुतांशीं परक्यांच्या हातीं. ज्यानें एखादा शब्द, एखादा स्वर, जसा ऐकला तसा पुढच्याच्या स्वाधीन केला, त्यानें तो कोणाकरितां राखला हें त्यास कळत नाहीं. आपल्या घरांतील वडील माणसांच्या तोंडचे जे शब्द आज हंसण्यावारी जात आहेत, ते टिपून ठेवण्यापूर्वीं त्यांचा उपयोग काय, असें विचारणारांस आम्ही एवढेंच सांगूं.