साध्या आइस्क्रीमचा इतिहास

अंबरनाथजवळच्या पालेगावात काय किंवा पुण्याच्या जुन्या पेठेत काय, घरी आइस्क्रीम करायचे ठरले की पहिला मान व्हॅनिलाचा असतो. दूध, साखर, थोडे कॉर्नफ्लॉवर आणि शेवटी इसेन्सचे चार थेंब. याला आपण 'साधे' आइस्क्रीम म्हणतो. इतिहासाच्या कसोटीवर हे विशेषण टिकणे कठीण आहे.

प्रथम बर्फाचे पाहू. अमेरिकेतील गोठलेल्या तळ्यांचा बर्फ १८३४ मध्ये जहाजाने मुंबईत आला. जमशेटजी जीजीभाईंनी मेजवानीत आइस्क्रीम वाढले आणि यजमानांसह पाहुण्यांनाही सर्दी झाल्याचे वृत्त 'मुंबई समाचार'ने दिले, ही हकिकत मुंबईच्या इतिहासात आवर्जून सांगितली जाते. वाचताना हसू येते. परंतु गारवा ही तेव्हा केवळ धनिकांची चैन होती, हेही तीतून कळते. पुढे बर्फ यंत्राने तयार होऊ लागला आणि तो सामान्यांच्या आवाक्यात आला.

नुसत्या बर्फाने मात्र आइस्क्रीम होत नाही. साखर घातलेले दूध शून्य अंशाच्याही खाली गोठते. बर्फात जाडे मीठ मिसळले की मिश्रणाचे तापमान उणे एकवीस अंशांपर्यंत उतरू शकते. या तत्त्वावर चालणाऱ्या, हाताने फिरवायच्या पॉटचे पेटंट फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन यांनी १८४३ मध्ये घेतले. आपल्या वाड्यांतून आणि चाळींतून फिरणारा पॉट याच कुळातला. तो आळीपाळीने फिरवावा लागे. फिरवण्यामुळे बर्फाचे स्फटिक बारीक राहत आणि मिश्रणात हवा मिसळे.

आता व्हॅनिला. ही मूळची मेक्सिकोची ऑर्किडवर्गीय वेल. तिचे फूल एकच दिवस उमलते. मायदेशाबाहेर तिला फुले येत, शेंगा क्वचितच धरत. १८४१ मध्ये हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडी आणि अंगठा यांच्या साहाय्याने परागीकरण करण्याची सोपी रीत शोधली. त्या रीतीवर मळेवाल्यांनी संपत्ती उभी केली. १८४८ मध्ये गुलामगिरी संपली, तेव्हा एडमंडला स्वातंत्र्य आणि आल्बियस हे आडनाव मिळाले. १८८० मध्ये तो दारिद्र्यातच मरण पावला. व्हॅनिलाच्या मळ्यांत आजही फुलामागून फूल हातानेच फळवावे लागते.

१८७४ मध्ये टीमान आणि हारमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी पाइनवर्गीय झाडांच्या रसातील द्रव्यापासून व्हॅनिलिन तयार केले. सुवास स्वस्त झाला आणि कालांतराने बाटलीतून आपल्या फडताळात आला. ज्या शेंगेचा तो सुवास, ती आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलीही नाही. फ्रिज आल्यावर पॉटही माळ्यावर गेला. जी.एम.एस. आणि सी.एम.सी. या पावडरी आल्या. अर्धवट गोठलेले मिश्रण मिक्सरमधून फिरवून पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवण्याची रीत रूढ झाली. पॉटभोवतीच्या माणसांचे काम आता मिक्सर दोन मिनिटांत करतो.

सोय झाली, याचा खेद करण्याचे कारण नाही. उन्हाळ्यात मुलांपुढे घरचे आइस्क्रीम ठेवता येणे ही जमशेटजींच्या काळात अशक्य असलेली गोष्ट आज सर्रास घडते, आणि हा लाभ मोठाच आहे. परंतु श्रम दिसेनासे झाले की पदार्थ आपोआप झाल्यासारखा वाटू लागतो आणि मग त्याला 'साधा' म्हणणे सोपे जाते. एडमंडचे विस्मरण या सोप्या शब्दातच दडलेले आहे.