चाकावरच्या मेणबत्त्या

मार्गशीर्षाची थंडी पडून उसाच्या गाड्या कागलहून गुऱ्हाळांकडे करकरत जाऊ लागल्या, की आबा माळ्यावरून पितळी परात उतरवीत, तीत दूधगंगेची चाळलेली वाळू पसरीत आणि चार मेणबत्त्या रोवीत. नाताळापूर्वीच्या चार रविवारी त्या क्रमाने एक, दोन, तीन, चार अशा पेटत. या दिवसांना आगमनकाळ म्हणतात. लॅटिनमधील ‘अद्वेन्तुस’ या शब्दाचा हा निव्वळ तर्जुमा नव्हे. त्यातला ‘येणे’ या अर्थाचा धातू आणि आपला ‘गम्’ हे एकाच मुळाचे वंशज असल्याने भाषांतरकाराने नकळत रक्ताचेच नाते जुळविले आहे.

परातीची कुळी मात्र धर्मसभेच्या कोणत्याही फर्मानात सापडत नाही. पंधराव्या वर्षी पितृछत्र हरपलेल्या योहान हिन्रिख विखर्न याने १८३३ साली हॅम्बर्गजवळ निराधार मुलांसाठी ‘राउहेस हाउस’ नावाचा आश्रम काढला, त्यात मुलांची लहान लहान कुटुंबे करून ठेविली, आणि नाताळ किती दिवसांवर आला या त्यांच्या नित्याच्या पृच्छेला उत्तर म्हणून १८३९ साली गाडीच्या जुन्या चाकावर रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या व इतर वारांसाठी वीस लहान तांबड्या मेणबत्त्या बसविल्या. त्या साली १ डिसेंबरलाच रविवार होता, म्हणून हिशेब नेमका चोवीसांचा! हिरव्या फांद्या १८६०च्या सुमारास आल्या. घरोघर जाताना चाकाचे कडे झाले, चोवीसांच्या चार उरल्या, आणि कोलोनच्या एका कॅथलिक चर्चमध्ये ते कडे लागले तेव्हा १९२५ साल उजाडले होते. व्रत देवळातून घरी यावे ही सर्वसाधारण रीत. येथे ती उलटी झाली.

आमच्या मुलखाचे सांगायचे, तर १८५२ साली कोल्हापूर संस्थानात आलेल्या रॉयल वाइल्डर यांचे मिशन पुढे अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन मंडळाच्या स्वाधीन झाले, आणि त्या पंथाच्या जुन्या मंडळींना शास्त्राधार नसलेल्या सणवारांचे वावडेच होते. आबांनी ही आरास एका जुन्या कॅलेंडरावरील चित्रात पाहिली. धाव, आरे, तुंबा असलेले खरे चाक परसात पडले होते. पण ते छताला टांगण्याची तजवीज आईने हाणून पाडली, म्हणून परात!

“आबा, आनी किती दिस?” असे मी विचारी.

“परातीत बघ की.”

मला ठळक आठवते ते निराळेच. दर रविवारी मेणबत्तीला काडी लावण्याअगोदर आबा वहाणा चढवून वाण्याकडे जात, आठवड्याची उधारी, जमेल तितकी मागची थकबाकीही, चुकती करीत, आणि परतल्यावर हातपाय धुऊन प्रार्थनेला बसत. आम्ही मुले तोवर न पेटलेल्या वातीकडे पाहत ताटकळत असू. याबद्दल त्यांनी आम्हांस कधी एक शब्द सांगितला नाही. चौथ्या रविवारी वाण्याच्या खतावणीत आमच्या नावावर बाकी नसे.