अक्षराखालचे टिंब

एखाद्या जुन्या मराठी शब्दापाशी अडखळलेला वाचक आज बहुधा मोल्सवर्थचा कोश कपाटातून खाली काढत नाही. तो शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जातो. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती, दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश', वझे यांचा शालेय कोश, मॅक्सीन बर्नसन यांचा प्राथमिक कोश, तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश असे सारे तेथे एका जागी शोधता येतात. मराठीचे हे धन अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने सर्वांना खुले करावे याचे आपल्याला कौतुक वाटते, आणि थोडी चुटपुटही लागते. हे शक्य कसे झाले, असा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. त्याचे उत्तर शोधू गेल्यास विद्यापीठाच्या आवारातील दोन इमारतींच्या परस्परसंबंधांपाशी जावे लागते. त्यांपैकी एक ग्रंथालयाची, आणि दुसरी संगणककेंद्राची.

या दोघांचा संबंध सरळ मैत्रीचा कधीच नव्हता. दोघांची काळ मोजण्याची रीतच निराळी. आज दाखल केलेले पुस्तक शंभर वर्षांनी कोणीतरी मागेल, हे गृहीत धरून ग्रंथपाल त्याची नोंद करतो. संगणककेंद्राला मात्र आपले यंत्र काही वर्षांतच जुने होणार हे ठाऊक असते, आणि हाती आहे तोवर त्याचा प्रत्येक क्षण वसूल करायचा असतो. दोन्ही भूमिका आपापल्या जागी रास्त आहेत. त्यांची गाठ पडली तेव्हा कोणी काय सोडले आणि कोणी काय धरून ठेवले, यावर आज वाचकाच्या हाती काय उरले ते ठरले आहे. मराठीपुरते बोलायचे, तर ही कथा एका टिंबाशी येऊन ठेपते. रोमन लिपीत मराठी लिहिताना 'ण' आणि 'ळ' ओळखू यावेत म्हणून अक्षराखाली देतात ते टिंब.

या नात्याची पूर्वतयारी संगणकाच्या आधीच झाली होती. १९३६ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयात राल्फ पार्कर यांनी पुस्तकांच्या देवघेवीसाठी छिद्रे पाडलेली कार्डे वापरायला सुरुवात केली. पुढे १९५० नंतरच्या काळात अमेरिकी विद्यापीठांत संगणक आले. पदार्थविज्ञान, गणित आणि कर्मचाऱ्यांचे पगार ही त्यांची पहिली कामे. ग्रंथालय या घरात उशिरा आलेला भाडेकरू होता. सामाईक यंत्रावर सर्वांची कामे एकामागून एक लावलेली असत, आणि त्या रांगेत ग्रंथालयाचा नंबर मागे लागे.

परंतु खरी अडचण रांगेची नव्हती. तेव्हाच्या कार्डावर ८० स्तंभ असत. एका स्तंभात एक अक्षर. आज्ञावली लिहिणाऱ्याला आधी हे ठरवावे लागे, की लेखकाच्या नावाला किती घरे द्यायची, शीर्षकाला किती, विषयाला किती. पगारपत्रकाला ही शिस्त मानवते. पुस्तकाला मानवत नाही. शीर्षक दोन अक्षरांचे असू शकते, तसेच चार ओळींचेही. लेखक एक असतो, पाच असतात किंवा मुळीच नसतो. तालिकापत्रावर शतकभर निर्धास्त नांदलेली ही विविधता यंत्रापुढे येताच बेशिस्त ठरू लागली.

यातून वाट काढणाऱ्या व्यक्ती दोन्ही भाषा शिकलेल्या होत्या. हेन्रिएट अव्हराम मूळच्या संगणक-आज्ञावलीकार. १९६५ मध्ये त्या अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आल्या तेव्हा ग्रंथपालनाचे शिक्षण त्यांच्या गाठी नव्हते. तालिकीकरणाचे नियम त्यांनी मुळापासून समजून घेतले आणि 'मार्क' ही यंत्रवाच्य नोंदीची पद्धत उभी केली. १९६६ मध्ये तिच्या प्राथमिक चाचणीसाठी १६ ग्रंथालये निवडली गेली, आणि त्यांत हार्वर्ड, येल, शिकागो यांसारख्या विद्यापीठांची ग्रंथालये होती. १९६८ मध्ये तिचे सुधारित रूप सिद्ध झाले. या पद्धतीत प्रत्येक नोंदीची लांबी वेगळी असू शकते. कोणता भाग कोठे सुरू होतो आणि किती लांब आहे, हे सांगणारी एक अनुक्रमणिकाच नोंदीच्या आरंभी असते. पुस्तकाने यंत्राच्या मापात बसावे हा आग्रह येथे सुटला, आणि यंत्राने पुस्तकाचे माप वाचायला शिकावे असे ठरले.

तसाच दुसरा प्रश्न अक्षरांचा होता. त्या काळी सर्वत्र दिसणाऱ्या आयबीएमच्या १४०३ या मुद्रकाच्या नेहमीच्या साखळीवर ४८ चिन्हे असत. मोठी रोमन अक्षरे, अंक आणि मोजकी विरामचिन्हे. ही साखळी वेगाने फिरे. हवे ते अक्षर समोर आले की हातोडी पडे. साखळीवर चिन्हे थोडी, म्हणजे प्रत्येक चिन्ह वारंवार समोर येणार आणि छपाई भराभर होणार. ग्रंथालयांना लहान अक्षरे हवी होती, शिवाय अक्षरांवरच्या रेघा आणि खालची टिंबेही. त्यांच्यासाठी वेगळी साखळी तयार झाली. पण चिन्हे वाढली की त्या प्रमाणात छपाई मंदावणार, हे यंत्राच्या रचनेतच होते. सामाईक मुद्रक कशासाठी मंदावला, तर एका टिंबासाठी! संगणककेंद्राला ही चैन वाटावी यात नवल नाही. ग्रंथपाल मात्र हटले नाहीत. 'मार्क'च्या चिन्हसंचात ही टिंबे आणि रेघा समाविष्ट झाल्या.

या हट्टाशी मराठीचा संबंध येतो तो गव्हाच्या वाटेने. पब्लिक लॉ ४८० या १९५४ च्या कायद्याखाली भारताला अमेरिकी धान्य मिळे, आणि त्याची किंमत रुपयांत जमा होई. या रुपयांतील काही भाग भारतीय ग्रंथांच्या खरेदीसाठी वापरण्याची योजना १९६२ मध्ये भारतात सुरू झाली. त्यामुळे इतर भारतीय भाषांबरोबर मराठी पुस्तकेही अमेरिकेतील निवडक विद्यापीठांच्या ग्रंथालयांत नियमाने पोहोचू लागली. त्यांच्या नोंदी यथाकाल यंत्रावर आल्या, पण रोमन लिपीत. कारण 'मार्क'च्या मूळ चिन्हसंचात देवनागरीला जागा नव्हती. पुढे अरबी, हिब्रू, चिनी, जपानी आणि कोरियन लिपींना त्यात स्थान मिळाले. देवनागरीला युनिकोडची वाट पाहावी लागली.

आता टिंबाची किंमत ध्यानात येईल. 'काल', 'काळ', 'कला', 'कळा', 'काला' आणि 'काळा' हे सहा शब्द चिन्हे गाळून रोमन लिपीत लिहिले, तर सहाही ठिकाणी तीच चार अक्षरे उरतात. वरची रेघ आणि खालचे टिंब असेल, तर सहाही शब्द वेगळे राहतात आणि यंत्राच्या साहाय्याने पुन्हा देवनागरीत आणता येतात. १९६० च्या दशकात मुद्रकाच्या वेगापुढे मान तुकवली असती, तर हजारो मराठी ग्रंथांच्या नोंदींतून 'ळ' आणि 'ण' कायमचे पुसले गेले असते. ज्यांनी हे वाचवले त्यांपैकी बहुतेकांना मराठी येत नव्हते. नोंद अचूक असावी, एवढीच त्यांची निष्ठा होती.

ही भागीदारी एकाच विद्यापीठाच्या आत कशी फळली, हे पाहायचे तर शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाकडे वळावे लागते. तेथे व्हेल्मा व्हेनेझियानो या प्रणाली-विश्लेषक आणि जेम्स आगार्ड हे विद्युत-अभियांत्रिकी व संगणकशास्त्राचे प्राध्यापक अशी जोडी जमली. ग्रंथालयाच्या नव्या इमारतीबरोबरच १९७० मध्ये त्यांची देवघेव-प्रणाली सुरू झाली. पुस्तक मागवण्यापासून ते वाचकाच्या हाती देईपर्यंत एकच नोंद वाढत जावी, प्रत्येक विभागाने ती नव्याने लिहू नये, हे सूत्र धरून ती पुढे 'नोटिस' या नावाने विस्तारली. व्हेनेझुएलाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ती घेतली, येलने घेतली, हार्वर्डची १९८५ मधील 'हॉलिस' तालिका तिच्यावरच उभी राहिली. विद्यापीठाच्या आवारात, रोजच्या गरजेतून तयार झालेली ही आज्ञावली होती.

याउलट मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये १९६५ साली सुरू झालेल्या 'इन्ट्रेक्स' प्रकल्पाची कथा. लिंकन प्रयोगशाळेचे माजी संचालक कार्ल ओव्हरहेज त्याचे प्रमुख. भविष्यातील ग्रंथालय कसे असेल, याचा हा प्रयोग. संशोधन-लेखांची सविस्तर यंत्रतालिका, पडद्यावर शोध, सूक्ष्मचित्रांतून पूर्ण लेख, अशी दूरदृष्टी त्यात होती. १९७३ मध्ये तो आटोपला. त्यातून पुष्कळ शिकायला मिळाले. पण ग्रंथालयाच्या दैनंदिन व्यवहाराचा तो भाग झाला नाही. इन्ट्रेक्सने उद्याचे ग्रंथालय रेखाटले. नॉर्थवेस्टर्नने आजच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या वाचकाचा विचार केला, आणि नॉर्थवेस्टर्नचे काम टिकले.

तिसरी वाट सहकाराची. येलहून आलेल्या फ्रेडरिक किल्गोर यांच्या नेतृत्वाखाली १९६७ मध्ये ओहायोतील ५४ महाविद्यालये व विद्यापीठे एकत्र आली. २६ ऑगस्ट १९७१ रोजी ओहायो विद्यापीठाच्या अल्डेन ग्रंथालयाने या जाळ्यावर पहिले थेट तालिकीकरण केले. त्या दिवशी १३३ पुस्तकांची नोंद झाली. गंमत अशी, की या यंत्रणेचे मुख्य उत्पादन दीर्घकाळ कागदी कार्डेच राहिली. शेवटची कार्डे १ ऑक्टोबर २०१५ रोजी छापली गेली तोवर सुमारे १९० कोटी कार्डे निघाली होती. नवे यंत्र आले म्हणून ग्रंथालयांनी जुना कप्पा एका रात्रीत रिकामा केला नाही.

१९८० च्या दशकात दोन्ही विभाग एकाच छत्राखाली आणावेत, हा विचार बळावला. कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथपाल पॅट्रिशिया बॅटिन त्याच्या अग्रणी प्रवर्तक. विद्वानाला माहिती हवी असते. ती कागदावर आहे की यंत्रात, हे पाहून त्याने दोन दारे का ठोठवावीत, हा त्यांचा प्रश्न होता. त्या दशकाच्या मध्यावर कोलंबियात ग्रंथालये आणि संगणककेंद्र त्यांच्या अधिकाराखाली एकत्र आले. आणि १९८७ मध्ये त्याच बॅटिन आम्लयुक्त कागदावर छापलेली, कडा तुटत चाललेली पुस्तके वाचवण्यासाठी स्थापन झालेल्या आयोगाची धुरा घेण्यास निघून गेल्या. यात मला विसंगती दिसत नाही. कागदाचे आयुष्य ज्यांनी मोजले होते, त्यांनाच यंत्राच्या आयुष्याची चिंता आधी कळली असणार.

आपल्याकडे या नात्याला वेगळे वळण लागले. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ मध्ये ग्रंथालयांच्या जाळ्यासाठी 'इन्फ्लिबनेट' हा उपक्रम सुरू केला, तो पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या केंद्राच्या छायेखाली. १९९६ मध्ये ते गुजरातेत स्वतंत्र आंतरविद्यापीठ केंद्र झाले. ग्रंथालयांसाठी आज्ञावली, नियतकालिकांची सामाईक खरेदी, आणि पुढे शोधप्रबंधांची 'शोधगंगा' ही कामे त्याने उभी केली. प्रत्येक विद्यापीठात संगणककेंद्र समर्थ नव्हते. म्हणून ही भागीदारी देशपातळीवर एकदाच करण्याचा हा मार्ग होता. तो योग्यच होता. पण विद्यापीठाच्या आवारात ग्रंथपाल आणि संगणकतज्ज्ञ यांनी शेजारी बसून भांडण्याची, आणि भांडणातून शिकण्याची, जी सवय नॉर्थवेस्टर्नला लागली, ती या मार्गाने आपोआप येत नाही.

तिच्या अभावी काय होते, हे मराठी नोंदींच्या बाबतीत दिसले. 'इस्की' ही भारतीय लिपींची प्रमाण संकेतपद्धती १९९१ मध्ये उपलब्ध होती, आणि तिच्यावरचे काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये चालत होते. तरीही अनेक ठिकाणी मराठी मजकूर ज्या त्या फाँटच्या खाजगी संकेतांत टंकित झाला. पडद्यावर अक्षर सुबक दिसे, म्हणून काम झाले असे वाटे. फाँट गेला, की मागे अर्थहीन चिन्हांची रांग उरे. अमेरिकी नोंदींत देवनागरी दिसत नव्हती, पण 'ळ' शाबूत होता. आपल्याकडे देवनागरी दिसत होती, आणि 'ळ' हरवायच्या बेतात होता.

'नोटिस' आता हार्वर्डमध्ये नाही. २००२ मध्ये तिची जागा दुसऱ्या प्रणालीने घेतली. मात्र त्या प्रणालीत भरलेल्या नोंदी पुढच्या प्रणालीत गेल्या, आणि तिथून आणखी पुढे जातील. शिकागोच्या कोशांचेही तसेच. कोलंबिया आणि उत्तर कॅरोलिनातील विद्यापीठे यांच्या साथीने १९९९ च्या सुमारास ते काम सुरू झाले, तेव्हाचे संगणक केव्हाच भंगारात गेले असतील. मोल्सवर्थचा 'ळ' आहे.

आपल्या विद्यापीठांतही ग्रंथालयाची जुनी नोंदवही नव्या प्रणालीत नेण्याचे काम या ना त्या वर्षी निघतेच. त्यासाठीच्या बैठकीत किंमत, वेग आणि मुदत यांची चर्चा होईल, आणि ती व्हायलाही हवी. फक्त त्या टेबलाशी असा एक माणूस बसलेला असावा, ज्याला 'काल' आणि 'काळ' यांतला फरक कळतो, आणि जो तो यंत्राच्या भाषेत सांगू शकतो.