ताठ होऊन पडणारी शेळी: टिन्सलीच्या चार जनावरांचा इतिहास

छत्री उघडली की शेळी काठीसारखी ताठ होते आणि धाडकन आडवी पडते, तो व्हिडिओ पुन्हा गटागटांत फिरतोय. "हिला फिट येते का?" आणि "ही जात आपल्याकडे मिळंल का?" असे दोन प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारले. म्हणून हा थोडा लांब लेख.

ही जात अमेरिकेतल्या टेनेसी राज्याची. १८८० च्या दशकात तिथल्या मार्शल काउंटीत जॉन टिन्सली नावाचा एक फिरस्ता शेतमजूर आला. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाकडून आला, असं सांगतात. त्याच्याबरोबर तीन शेळ्या, एक बोकड आणि एक गाय. शेळ्या जरा दचकल्या की आखडायच्या. गावात अर्थातच चर्चा झाली. तिथल्या डॉ. मेबेरींनी त्या विकत मागितल्या. टिन्सली आधी नाही म्हणाला, पुढे मात्र विकल्या आणि तो गाव सोडून गेला. शेळ्या राहिल्या. आज जगात या जातीचं जे काही आहे ते बहुतेक त्या चार जनावरांचंच पिल्लावळ मानतात.

आता बघा, तमाशा म्हणून कुणी शंभर वर्षं जनावर सांभाळत नाही. टेनेसीच्या शेतकऱ्यांना ही शेळी आवडली ती कुंपणामुळे. तिला उंच उडी मारता येत नाही, वर चढणं जमत नाही. ज्याच्या शेळीनं शेजाऱ्याची तूर खाल्लीय त्याला या गुणाची किंमत वेगळी सांगायला नको. शिवाय सारखं आखडून-सुटून स्नायू भरतात, त्यामुळं अंगानं बुटकी असली तरी मांसाला भरीव. स्वभावानं शांत आणि जुळी करडं नेहमीची. मेंढ्यांच्या कळपात ही एक सोडायची, म्हणजे जंगली कुत्रा आला की ही पडते आणि मेंढ्या वाचतात, असंही सांगितलं जातं. मला ती गोष्ट रंगवलेली वाटते. चांगली शेळी कुणी अशी फुकट घालवत नाही.

फिट येते का, याचं उत्तर: नाही. शुद्ध हरपतच नाही. पडलेली असताना डोळे उघडे, तोंडात घास असला तर चघळणंही चालू. दोष मेंदूत नाही, स्नायूत आहे. स्नायू आकसल्यावर त्याला पुन्हा सैल करायला क्लोराइडचे कण आत-बाहेर करणारी बारीक वाट लागते. हिच्यात ती वाट नीट चालत नाही. म्हणून दचकली की स्नायू आकसतो आणि दहा-वीस सेकंद सुटत नाही. शास्त्रीय भाषेत मायोटोनिया. जाणती शेळी पाय फाकवून किंवा भिंतीला टेकून तोल सावरायला शिकते, करडं जास्त पडतात.

हाच आजार माणसातही आहे. डेन्मार्कचे डॉक्टर थॉमसेन यांनी १८७६ साली त्याचं वर्णन लिहिलं, तेही स्वतःच्या घराण्यातलं. त्यामुळं ही शेळी संशोधकांच्या फार कामाला आली. १९०४ मध्ये पशुवैद्यकाच्या नियतकालिकात तिच्यावर लेख आला, १९३९ मध्ये ब्राउन आणि हार्वी यांनी तिचे स्नायू तपासले. १९६० नंतर ब्रायंट यांच्या प्रयोगांतून क्लोराइडचा दोष पुढं आला, आणि १९९६ मध्ये नेमका बदल सापडला: त्या वाटेच्या प्रथिनात एकच अमिनो आम्ल बदललेलं. माणसाच्या एका रोगाचा उलगडा टिन्सलीच्या शेळ्यांनी केला म्हणा ना.

मधल्या काळात, १९५० च्या सुमारास, काही शेळ्या टेक्सासला गेल्या. तिथं मोठ्या अंगाच्या निवडत गेले, टेनेसीकडं बुटक्या राहिल्या. मग १९९३ पासून अमेरिकेत बोअर आली आणि सगळ्यांना संकर हवा झाला. शुद्ध कळप कमी झाले, जात वाचवणाऱ्या संस्थेला लक्ष घालावं लागलं. आपल्या उस्मानाबादी-संगमनेरीच्या मालकांनी हा भाग दोनदा वाचावा.

आता पाळीव म्हणून हौसेनं ठेवणारे तिकडं खूप आहेत. शेळी माणसाळते, लहान पोरांनाही चालते. पण एकटी ठेवू नये, निदान दोन तरी हव्यात. मोकाट कुत्र्यांपासून पक्का आडोसा हवा, कारण तिला पळून जीव वाचवता येत नाही. आणि पैदाशीला बोकड निवडताना "किती जोरात पडतो" हे बघणारे मला पटत नाहीत. पाय, बांधा, आईचं दूध हे आधी बघायचं. व्हिडिओसाठी दिवसातून दहादा दचकवणं हा तर छळच.

आणि एक महत्त्वाचं. आपल्या गोठ्यातली शेळी ताठ झाली तर मोबाईल काढू नका. आपल्याकडं तो बहुधा धनुर्वात असतो: खच्चीकरणाची जखम, कानाचा बिल्ला, करडाची नाळ, यातून शिरतो. ती वीस सेकंदात सुटत नाही. पाय लाकडासारखे, जबडा घट्ट, शेपटी ताठ, आवाज झाला की आणखी आखडते. तिला अंधाऱ्या, शांत जागी ठेवा आणि त्याच तासाला डॉक्टरांना फोन करा.