हातांनी चालवलेला श्वास

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

दवाखान्यातल्या शब्दांची एक गंमत आहे. 'दवाखाना' आपल्याकडे फारशीतून आला, 'रुग्णालय' संस्कृतातून घडवलं, 'हॉस्पिटल' इंग्रजीने दिलं आणि मराठी माणसाने तिन्ही शब्द घरात ठेवून घेतले. ताप आला की दवाखाना, ऑपरेशन असलं की हॉस्पिटल आणि बातमी छापायची असली की रुग्णालय. पण हाच माणूस आयसीयूच्या दाराशी उभा राहिला की त्याच्याजवळचे सगळे शब्द संपतात. आत मॉनिटर, सेंट्रल लाइन, एबीजी, इंट्युबेशन. बाहेर बाकावर बसलेल्यांना त्यातलं एकच कळतं: व्हेंटिलेटर लावलाय, म्हणजे आता काही खरं नाही.

हा समज इतका पक्का झालाय की वर्तमानपत्रांनीही तो उचलला. साखर कारखाना व्हेंटिलेटरवर, बँक व्हेंटिलेटरवर, युती व्हेंटिलेटरवर. म्हणजे शेवटच्या घटका मोजणं चालू आहे. हे यंत्र ज्या वॉर्डातून जगभर गेलं, त्या वॉर्डात मात्र त्याचा अर्थ नेमका उलटा होता. ती हकिकत आज सांगायची आहे.

आधी शब्दाचं बघू. जुन्या चाळीत, शाळेच्या वर्गात, छताजवळ एक छोटी झडपेची खिडकी असायची, दोरी ओढून उघडायची. आमच्या घरी तिला व्हेंटिलेटरच म्हणत. चिमण्या तिथूनच आत यायच्या. 'वारा' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हे नाव आलं. स्टीफन हेल्स नावाचे एक इंग्रज धर्मोपदेशक होते. जहाजांच्या पोटात आणि तुरुंगांत कोंडलेली घाण हवा बाहेर काढण्यासाठी त्यांनी मोठे भाते तयार केले आणि १७४३ साली त्यांवर पुस्तक लिहिलं. त्या भात्यांचं नाव व्हेंटिलेटर. माणसाच्या छातीशी त्याचा अजून काही संबंध नव्हता.

याच हेल्स महाशयांनी त्याआधी एका घोडीच्या धमनीत पितळी नळी घालून तिला नऊ फुटांची काचेची नळी उभी जोडली होती. रक्त त्या नळीत आठ फुटांहून जास्त चढलं. रक्तदाब मोजल्याची ही पहिली नोंद, १७३३ साली प्रसिद्ध झालेली. आज अतिदक्षता विभागात मनगटाच्या धमनीत बारीक नळी घालून दर क्षणाचा रक्तदाब पडद्यावर दाखवतात, त्याचं मूळ या बिचाऱ्या घोडीपाशी आहे.

आता पोलिओकडे येऊ. हा रोग आपल्याला लंगडणाऱ्या पायावरून माहीत आहे. पण काही रुग्णांत तो छातीच्या आणि घशाच्या स्नायूंवर जातो. मन जागं, डोळे उघडे आणि श्वास घ्यायची ताकद गेलेली. अशांसाठी १९२८ साली अमेरिकेत बोस्टनला फिलिप ड्रिंकर आणि लुई शॉ यांनी 'लोखंडी फुप्फुस' वापरात आणलं. लोखंडी पिंपात रुग्णाला झोपवायचं, डोकं तेवढं बाहेर. आतली हवा कमी केली की छाती फुगते, सोडली की बसते. म्हणजे श्वास बाहेरून ओढून घेतल्यासारखा. या यंत्राने असंख्य जीव वाचवले. डल्लासचे वकील पॉल अलेक्झांडर १९५२ साली, लहानपणीच, त्यात गेले आणि सत्तरहून जास्त वर्षं त्याच्या आधाराने जगून मार्च २०२४ मध्ये वारले. पण पिंप महाग, अवजड आणि संख्येने थोडी. शिवाय ज्याचा घसाच लुळा पडलाय, त्याची लाळ फुप्फुसात उतरायची. त्यावर पिंपाकडे उपाय नव्हता.

त्याच १९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनमध्ये, पोलिओची भयंकर साथ आली. संसर्गजन्य रोगांचं तिथलं ब्लेगडॅम रुग्णालय भरून वाहू लागलं. साथ संपेपर्यंत तिथे २७०० हून जास्त रुग्ण दाखल झाले, त्यांतल्या तीनशेहून अधिकांचा श्वास बंद पडत होता. रुग्णालयाकडे लोखंडी फुप्फुस होतं एक, आणि फक्त छातीवर बसवायची साधी यंत्रं सहा. पहिल्या काही आठवड्यांत श्वास अडकलेल्या ३१ जणांवर या यंत्रांनी उपचार झाले. त्यांतले २७ गेले. बहुतेक लहान मुलं.

रुग्णालयाचे प्रमुख प्राध्यापक लासेन यांच्या एका सहकाऱ्याने सुचवलं की भूल देणाऱ्या डॉक्टरला बोलावून बघू. आज हे साधं वाटतं. त्या काळी भूलतज्ज्ञाची जागा ऑपरेशन थिएटरात, तिथेही शल्यविशारदाच्या मागे. साथीच्या वॉर्डात त्याचं काय काम? पण ब्यॉर्न इब्सेन आले. त्यांनी मृतांची फुप्फुसं पाहिली, कागद पाहिले. फुप्फुसं तशी ठीक होती. रक्तात कर्बवायूचा साठा वाढला होता आणि डॉक्टर त्याचा अर्थ वेगळाच लावत होते. रक्तात क्षार वाढलेत, असं त्यांना वाटे. इब्सेन म्हणाले की वायू बाहेर पडत नाही, म्हणून हा साठा आहे. रुग्ण पोलिओने नाही, श्वास कोंडून मरताहेत.

२७ ऑगस्ट १९५२. बारा वर्षांची एक मुलगी, चारही हातपाय लुळे, अंगात ताप, निळी पडलेली. तिच्या गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत रबरी नळी बसवली. नळीभोवती छोटा फुगा, म्हणजे लाळ खाली उतरायला नको. नळीच्या दुसऱ्या टोकाला रबरी पिशवी. पिशवी दाबली की हवा आत. पण मुलगी घाबरून धडपडत होती, हवा आत शिरेना. बघायला जमलेले डॉक्टर एकेक करून निघून गेले, असं सांगतात. तेव्हा इब्सेननी तिला भुलीचं औषध दिलं. तिची स्वतःची उरलीसुरली धडपड थांबली, आणि आता प्रत्येक श्वास त्यांच्या मुठीतून जाऊ लागला. थोड्या वेळाने तिचा रंग पालटला. ती मुलगी वाचली आणि १९७१ पर्यंत जगली.

एक वाचली. पण बाकीच्यांचं काय? पिशवी आपोआप दबत नाही. मग वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना बोलावलं. सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून आले. एका वेळी सत्तरपर्यंत रुग्ण, प्रत्येकाच्या उशाशी एक तरुण किंवा तरुणी, हातात रबरी पिशवी. दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे. एकूण एक लाख पासष्ट हजार तास त्यांनी पिशव्या दाबल्या. रुग्ण शुद्धीवर असायचा, पण गळ्यात नळी असल्याने बोलू शकत नसे. मग डोळ्यांची, ओठांची भाषा. विद्यार्थी मुलांना गोष्टी वाचून दाखवत. काही पहाटे उजाडायच्या तेव्हा हातातल्या पिशवीचा उपयोग संपलेला असायचा. वीस-बावीस वर्षांच्या पोरांनी हेही पाहिलं.

मराठीत श्वासाला 'दम' म्हणतो, तोही फारशीतूनच आलेला. दम लागतो, दम धरावा लागतो. पण 'दम देणे' म्हणजे मात्र आपल्याकडे धमकावणं. कोपनहेगनच्या पोरांनी त्या शब्दाचा अक्षरशः अर्थ करून दाखवला. शंभरातले सत्याऐंशी मरत होते, ते प्रमाण चाळीसच्या आसपास आलं.

यातूनच पुढची साधनं निघाली. प्रयोगशाळेचे पॉल आस्ट्रुप यांनी रक्ताची आम्लता आणि कर्बवायू चटकन मोजायची पद्धत बसवली. आज डॉक्टर 'एबीजी पाठवा' म्हणतात, ती तपासणी या घराण्यातली. हातांची जागा घ्यायला स्वीडनच्या एंगस्ट्रॉम यांचं यंत्र आलं. लोखंडी पिंप छाती बाहेरून ओढायचं, हे यंत्र हवा आत ढकलतं. आजचे व्हेंटिलेटर त्याच वंशाचे. डिसेंबर १९५३ मध्ये इब्सेननी कोपनहेगनच्याच म्युनिसिपल रुग्णालयात, अशा रुग्णांना कायम डोळ्यांसमोर ठेवणारा एक वेगळा विभाग काढला. तो जगातला पहिला आयसीयू मानतात.

आपण त्याला 'अतिदक्षता विभाग' म्हणतो. सरकारी परिभाषेतले शब्द बरेचदा तोंडात बसत नाहीत, पण हा मला इंग्रजीपेक्षा सरस वाटतो. यात यंत्राचं नाव नाही, दक्ष राहण्याचं आहे. कुणीतरी जागं आहे.

पडद्यावरच्या त्या हिरव्या रेघेबद्दल थोडं. हॉलंडच्या लायडनमध्ये आइंटहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हृदयाच्या विजेचा आलेख काढला, तेव्हा रुग्णाला दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या बादल्यांत बुडवून बसावं लागे. बोटाच्या चिमट्याची गोष्ट जपानमधली. ताकुओ आओयागी हृदयाचं काम मोजायला गेले होते, आणि नाडीचे ठोके त्यांच्या मापनात व्यत्यय आणत होते. १९७४ साली त्यांनी तो व्यत्ययच कामाला लावला आणि त्यातून रक्तातला ऑक्सिजन मोजला. २०२० च्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' म्हणत आशाताई हाच चिमटा घेऊन महाराष्ट्रात दारोदार फिरल्या. आओयागी त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारले होते. या चिमट्याला एक खोट आहे. काळ्या त्वचेच्या माणसांत तो ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवू शकतो, असं डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं. आकडा बरा आणि माणूस धापा टाकतोय, तर आकड्यापेक्षा माणसाकडे बघावं.

माझ्या थोरल्या भावासाठी मी काही रात्री अशा विभागाबाहेर काढल्या आहेत. शेजारी बसलेल्या एका बाईंनी विचारलं, "मामा, इंग्रजीतला कागद आहे, सही करू का? मशिनवर टाकतो म्हणतात. म्हणजे गेलाच ना तो?" मी त्यांना कोपनहेगनची गोष्ट सांगितली नाही, ती वेळ नव्हती. एवढंच म्हणालो, "ताई, मशीन रोग बरा करत नाही. रोग बरा होईस्तोवर श्वास सांभाळतं. डॉक्टरांना विचारा, रोग बरा होण्यातला आहे का?"

या प्रश्नाचं उत्तर कधी 'नाही' असतं, आणि तिथून दुसरा इतिहास सुरू होतो. पूर्वी मरण कसं ओळखत? नाडी बघत, नाकाशी सूत किंवा आरसा धरत. व्हेंटिलेटर आला आणि श्वास ही जिवंतपणाची खूण राहिली नाही. १९५९ मध्ये पॅरिसच्या मोलारे आणि गुलाँ या डॉक्टरांनी अशा २३ रुग्णांची नोंद केली, की यंत्रामुळे छाती हलतेय आणि मेंदू मात्र कायमचा थांबलाय. आपल्याकडे १९९४ च्या अवयवदान कायद्याने मेंदूस्तंभाचा मृत्यू हा मृत्यू मानला. मुसलमान घरांत या क्षणी मोठी घालमेल होते, यंत्र काढलं तर आपण जीव घेतला का, म्हणून. त्यांना सांगण्यासारखं एक आहे. १९८६ साली अम्मान इथे इस्लामी फिक्ह अकादमीच्या बैठकीत धर्मशास्त्र्यांनी ठरवलं, की मेंदूचं कार्य पूर्ण आणि कायमचं थांबल्याचा निर्वाळा तज्ज्ञांनी दिला तर यंत्र काढता येतं, मग हृदय यंत्राच्या जोरावर चालू असलं तरी. सर्वांनाच ते पटलेलं नाही, वाद आजही आहे. पण बाकावर बसलेल्याला निदान हे ठाऊक असावं. मेंदू जिवंत आहे पण सुधारणेची आशा नाही, हे प्रकरण वेगळं. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि आधीच लिहून ठेवलेली इच्छा ग्राह्य धरली. त्यातली किचकट अट-कलमं २०२३ मध्ये सैल केली.

यंत्र कधी काढायचं हा प्रश्न मुळात यंत्र मिळालेल्यांचा. २१ एप्रिल २०२१ ला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा खंडित झाला आणि वीसहून जास्त रुग्ण गेले. यंत्रं होती, हवा नव्हती. आणि कित्येक सरकारी वॉर्डांत हवा असते, यंत्र नसतं. तिथे अंबू बॅग येते. नाव ऐकून एखादी मावशी वाटावी, पण हीसुद्धा डेन्मार्कचीच. कोपनहेगनच्या पिशवीला ऑक्सिजनचा सिलिंडर लागे, हेनिंग रुबेन यांनी १९५६ मध्ये आपोआप फुगणारी पिशवी केली. व्हेंटिलेटर रिकामा नाही म्हणून ती पिशवी नातेवाइकाच्या हातात दिल्याच्या बातम्या आपण आपल्या देशात अनेकदा वाचल्या आहेत. नर्स एकदा दाखवते, एक-दोन-तीन मोजून दाबा, आणि पुढच्या खाटेकडे जाते. कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांची पाळी संपली की दुसरा यायचा. इथे मुलगा बापाचा श्वास दाबत बसतो, आणि भूक लागली की शेजारच्या खाटेवरच्या माणसाला म्हणतो, "दादा, जरा धरता का, चहा पिऊन येतो."